पासपोर्ट कुठे आहे?

घरी खोटं बोलून आम्ही स्पेनला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या खोट्यातूनच निघालं.

आम्ही म्हणजे चौघं. २००९ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एम.एस्सी. करायला गेलेलो आणि तिथल्या एका जुन्या लाल विटांच्या घरात दोन खोल्या घेऊन राहणारे. एकमेकांना नावाने हाक मारायची सवय आम्हाला लागलीच नाही. गावावरून हाक. खेडकर, सोलापूरकर, सातारकर आणि औरंगाबादकर. (२०२३ साली त्या शहराचं नाव बदललं, पण आम्ही आमच्या मित्राचं बदललेलं नाही.) तिघं मुसलमान, सातारकर मराठा. लेस्टरमध्ये गुजराती दुकानादुकानांतून ऐकू येते, मराठी क्वचित. रात्री कामावरून दमून आल्यावर आपल्या भाषेत दोन शिव्या देता याव्यात, एवढ्या गरजेतून ही दोस्ती सुरू झाली. हे लिहिणारा हात आमच्यातल्या एकाचा आहे, आठवण चौघांची.

आमचं शिक्षण कर्जावर चाललं होतं. खेडकरच्या घराने भातशेतीचा तुकडा गहाण ठेवला होता. सोलापूरकरची अम्मी आयुष्यभर विड्या वळत आली होती. बँकेचं कर्ज मिळण्यासाठी तिने भावाला जामीन उभं केलं होतं. सातारकरचे वडील शाळामास्तर. औरंगाबादकरच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी होती. कोणी गोदामात खोकी उचलायचा, कोणी टेकअवेमध्ये चिकन तळायचा. त्यातून हिवाळाभर आम्ही एका डब्यात थोडे थोडे पौंड टाकत गेलो. ईस्टरच्या सुट्टीत कुठेतरी जायचं, एवढंच ठरलं होतं. युरोपच्या दारापर्यंत आलो आणि आत न डोकावता परत गेलो, असं व्हायला नको होतं.

अंदालुसिया हे नाव आम्हा तिघांनी लहानपणी मदरशात नाहीतर उर्दू शाळेच्या पुस्तकात ऐकलेलं. सातारकरला तिथलं ऊन हवं होतं. स्वस्त विमान कंपनीची तिकिटं निघाली: १० एप्रिल २०१० ला लुटनहून मालागा, १६ एप्रिलला परत. व्हिसासाठी बँकेची पानं, कॉलेजचं पत्र, राहण्याची बुकिंगं जोडली. पासपोर्टवर चिकटलेल्या व्हिसावर तारीख होती १० ते १८ एप्रिल. परतीनंतर दोन दिवस हातात होते. भरपूर झाले, असं आम्हाला वाटलं.

घरी मात्र सांगितलं, 'सुट्टीत लायब्ररीत बसणार आहोत.' जमीन गहाण असताना 'फिरायला चाललोय' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पैसे आमच्या घामाचे होते हे खरं. पण घामाचे पैसे घरी पाठवायचे असतात, हेही आम्हाला ठाऊक होतं.

पहिले पाच दिवस सुखाचे गेले. स्पॅनिशमधले पहिले शब्द आम्ही शिकलो ते 'सिन जामोन', म्हणजे डुकराचं मांस नको. बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, पाव, ऑलिव्ह, संत्री आणि डब्यातला टूना मासा यांवर आमचं भागत होतं. कोर्दोबाच्या मशिदीत गेलो. ७८५ साली पहिल्या अब्दुर्रहमानने बांधायला घेतलेली ही वास्तू आता कॅथेड्रल आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींखाली साडेआठशेहून जास्त खांब उभे आहेत. आम्ही जाण्याच्या काही दिवस आधीच तिथे नमाज पढण्यावरून काही पर्यटक आणि रखवालदार यांच्यात झटापट झाली होती. आम्हाला पाहून एक रखवालदार लांबून मागे मागे चालू लागला. आम्ही हात पाठीमागे बांधले आणि वर बघत फिरलो. ग्रॅनडाला अलहम्ब्रा पाहिला. चर खणून राजवाड्याच्या अंगणात आणलेलं पाणी पाहून औरंगाबादकर म्हणाला, 'आमच्या पाणचक्कीला येऊन बघा म्हणावं.' सातारकरने अजिंक्यताऱ्याची तटबंदी काढली. खेडकर काहीच बोलला नाही, हौदाच्या काठावर बसून राहिला. तेवढा एक दिवस आम्ही कर्ज विसरलो होतो.

१५ एप्रिलला, गुरुवारी संध्याकाळी, ग्रॅनडातल्या वसतिगृहाच्या टीव्हीवर राखेचा एक प्रचंड ढग दिसत होता. खाली स्पॅनिश अक्षरं पळत होती. आइसलँडमधला एक ज्वालामुखी आदल्या दिवशी बर्फाच्या थराखाली फुटला होता. त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. ते उच्चारता येतंय का याची आम्ही पैज लावली, आणि हसत झोपलो. तोपर्यंत ब्रिटनचं आकाश बंद झालं होतं.

राखेने विमानं का थांबावीत, हे आम्हाला नंतर कळलं. बर्फाखाली स्फोट झाला की वितळलेलं पाणी तप्त लाव्ह्यावर पडतं आणि त्याचा काचेसारखा बारीक भुगा होऊन तो वर फेकला जातो. विमानाच्या इंजिनातल्या उष्णतेने हा भुगा वितळतो आणि आतल्या पात्यांवर जाऊन बसतो. १९८२ साली इंडोनेशियावरून जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी विमानाची चारही इंजिनं अशाच राखेमुळे बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून नियम साधा होता: राख दिसली की उडायचं नाही. २०१० च्या त्या आठवड्यात युरोपात सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली आणि साधारण १ कोटी माणसं जिथल्या तिथे अडकली. त्या एक कोटीत आम्ही चौघं.

शुक्रवारी मालागाच्या विमानतळावर पोचलो. महिन्यापूर्वीच उघडलेली ती नवी कोरी इमारत, वर काचेतून लख्ख निळं आकाश, आणि फलकावर उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक विमानापुढे एकच शब्द: कान्सेलादो. आकाशात ढगाचा पुंजकाही नव्हता. डोळ्यांना दिसत नाही अशा गोष्टीने आपण अडकलो आहोत, हे मनाला पटायला वेळ लागला. एका खिडकीपुढे शंभर-दीडशे माणसांची रांग. आत बसलेली मुलगी प्रत्येकाला एकच कागद देत होती. त्यावर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता होता. पैसे परत घ्या किंवा पुढची तारीख घ्या, तुमचं तुम्ही बघा.

तिथेच आमची पहिली चूक झाली. औरंगाबादकरने कोपऱ्यातल्या यंत्रात नाणी टाकून इंटरनेट लावलं आणि चौघांचेही पैसे परत मागून मोकळा झाला. शहाणपणाचंच वाटलं. हातात पैसे येतील, दुसरं काही बघू. युरोपीय संघाचा २००४ सालचा एक नियम आहे, तो आम्हाला ठाऊक नव्हता. उड्डाण रद्द झालं आणि प्रवाशाने दुसरं विमान मागितलं, तर ते मिळेपर्यंत त्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय कंपनीने करायची असते. पण प्रवाशाने पैसे परत घेतले की कंपनीची जबाबदारी तिथेच संपते. एका टिचकीने आम्ही छप्पर घालवलं होतं. हे आम्हाला शेजारच्या बाकावरच्या एका आयरिश बाईंनी सांगितलं. त्यांनी पुढची तारीख मागितली होती, आणि पावत्या जपून पाकिटात ठेवत होत्या. कंपनीकडून रात्रीची सोय त्यांनाही मिळाली नव्हती, पण त्यांचा हक्क तरी शिल्लक होता.

ती रात्र आम्ही फरशीवर काढली. सोलापूरकर औरंगाबादकरला म्हणाला, 'विचारायचं तरी होतंस.' औरंगाबादकर म्हणाला, 'नाणी माझी होती.' पाच महिने एका चुलीवर जेवलेली माणसं आम्ही, पण त्या रात्री पिशव्या डोक्याखाली घेऊन चार दिशांना तोंडं करून झोपलो.

शनिवारी सकाळी हिशेब केला. चौघांत मिळून १९० युरो. युरो तेव्हा साधारण साठ रुपयांचा. रेल्वेचा विचार केला, तर फ्रान्सच्या रेल्वेत संप चालू. विमानाची कोणतीच खात्री नाही. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचा व्हिसा संपणार होता. विमानतळावरच्या इंग्रज माणसांना ही काळजी नव्हती. ते वैतागले होते, चिडले होते, काही पत्ते खेळत होते. अडकण्याची मुदत त्यांच्या पासपोर्टवर छापलेली नव्हती. आमच्या पासपोर्टवर होती. सोमवारी सकाळी आम्ही याच फरशीवर असतो, पण बेकायदा. व्हिसाची मुदत ओलांडल्याची नोंद झाली, तर पुढे कुठलाच देश विचारणार नाही, ब्रिटनचा व्हिसाही अडचणीत येईल, आणि गहाण पडलेली शेतं गहाणच राहतील. कोणी कोणाला हे बोलून दाखवलं नाही, पण चौघंही तेच मोजत होतो.

दुपारी एका खांबावर कागद चिकटवलेला दिसला: 'कॅले'. काही इंग्रज मिळून भाड्याची व्हॅन घेऊन फ्रान्सच्या त्या बंदरापर्यंत निघणार होते. संध्याकाळी सात वाजता. एक जागा शिल्लक, दीडशे युरो. औरंगाबादकरकडे क्रेडिट कार्ड होतं. आळीपाळीने गाडी हाकली तर रविवारी रात्रीपर्यंत, म्हणजे व्हिसा जिवंत असतानाच, ते कॅलेला पोचले असते. सोमवारी त्याची टेकअवेमधली पाळी होती आणि मालकाने आधीच बजावलं होतं, की सुट्टी वाढवलीस तर येऊ नकोस. तो आमच्याकडे बघून म्हणाला, 'एक तरी सुटतोय. काय हरकत आहे?' हरकत काहीच नव्हती. हिशेबाने तो बरोबर होता. आम्ही तिघं गप्प बसलो. ते गप्प बसणं चांगलं नव्हतं, हे आज कबूल करायला हवं.

त्याआधी फोन करणं भागच होतं. बातमी जगभर गेली होती आणि आमचे फोन रोमिंगच्या धाकाने बंद होते. घरच्यांना वाटत असणार की आम्ही लेस्टरमध्ये आहोत आणि तरीही फोन उचलत नाही. बसने शहरात आलो. स्टेशनजवळच्या गल्लीत एक लोकुतोरिओ सापडलं. परदेशातून आलेल्या कामगारांसाठी स्पेनमध्ये अशी फोनची दुकानं गल्लोगल्ली होती, आपल्याकडच्या एस.टी.डी. बूथसारखी. दुकानदार पाकिस्तानातल्या गुजरातचा. आम्हाला उर्दूत बोलताना ऐकून त्याने आधी चहा मागवला.

पहिला फोन खेडकरचा. काचेच्या त्या खोक्यात एकच माणूस मावायचा, पण आम्ही चौघं कसेबसे आत घुसलो. भारतात रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. खेडकरने रिसीव्हर थोडा बाहेर धरला, म्हणून सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

'अब्बा, मी लेस्टरमध्ये नाही. स्पेनमध्ये आहे. मित्रांबरोबर फिरायला आलो होतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं. विमान रद्द झालंय. पैसे संपत आलेत. उद्या व्हिसाही संपतो.' सगळं एका दमात. मग तो थांबला. आम्ही वाट पाहत होतो ती शिव्यांची, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे पलीकडे अम्मीच्या रडण्याची.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग अब्बांनी विचारलं, 'पासपोर्ट कुठे आहे?'

'खिशात आहे.'

'खिशात नको. अंगाला बांध. आणि कोणाच्याही हातात सोडून हलू नकोस, ऑफिसर असला तरी समोर उभा राहा.'

खेडकर गोंधळला. म्हणाला, 'अब्बा, तुम्ही रागावला नाहीत?'

'ते नंतर. आधी ऐक. मी अडकलेलो आहे. मला माहीत आहे.'

खेडकरचे अब्बा कुवेतमध्ये होते, एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं. कोकणातल्या आमच्या वस्त्यांमध्ये आखाताला गेलेला माणूस नाही असं घर सापडणं कठीण. पण खेडकरलाही त्यापलीकडे फारसं माहीत नव्हतं. घरात त्या दिवसांचा विषय निघाला की 'ते वर्ष' एवढंच म्हणायचे आणि बोलणं दुसरीकडे वळायचं. ते वर्ष म्हणजे १९९०. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा अब्बा एका सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत. तशीच पद्धत होती. मालक पहिल्या दोन दिवसांतच देश सोडून गेला, तिजोरी बंद राहिली. भारतीय दूतावासाने दिलेल्या एका कागदावर अब्बा बसने बसरा, तिथून बगदाद आणि मग जॉर्डनची सरहद्द असे निघाले. वाळवंटातल्या तंबूंत राहिले, पाण्याच्या टँकरमागे धावले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्या दोन महिन्यांत १ लाखाहून जास्त भारतीयांना असं परत आणण्यात आलं. एका देशाने आपल्या नागरिकांना विमानाने सोडवून आणल्याची ती फार मोठी घटना मानली जाते. अब्बांच्या आठवणीत मात्र उरला होता खिशातला पगार: कुवेती दिनार, जे मुंबईत कोणी बदलून घेईना.

हे सगळं त्यांनी असं क्रमाने सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी, कोकणी बोलीत, मध्येच 'पाणी भरून ठेव' असं बजावत सांगितलं. दुकानदाराच्या मीटरवर आकडे पळत होते. त्याने ते आमच्याकडे न बघता बंद केलं.

'आणि वेगळे होऊ नका,' अब्बा म्हणाले. 'चौघं आहात ना? चौघंच परत या.' मग आवाज जरा खाली गेला. 'बगदादला बसमध्ये एकच जागा होती. माझ्याबरोबर आपल्याच मोहल्ल्यातला होता, त्याला ताप होता. तोच म्हणाला, तू जा. मी गेलो. तो तीन आठवड्यांनी आला, चांगला आला, काही झालं नाही त्याला. पण मग आम्ही पहिल्यासारखे बोललो नाही. वीस वर्षं झाली. मशिदीत एका सफेत उभे राहतो, सलाम होतो, बस.'

आम्ही व्हॅनबद्दल त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बोलायला वेळच झाला नव्हता. काचेच्या खोक्यात इतकी जागाही नव्हती की कोणी कोणाकडे बघण्याचं टाळावं.

फोन ठेवण्याआधी अब्बांनी शेवटचं सांगितलं, 'पैसे एकाकडे ठेवा. आणि कोणी तोंडाने "ठीक आहे, जा" म्हटलं तर जाऊ नका. कागद घ्या. शिक्का घ्या. तोंडाचं बोलणं पुढच्या नाक्यावर चालत नाही.'

खेडकरने विचारलं, 'अब्बा, हे कधी सांगितलं का नाही?'

'रिकाम्या हाताने आलेल्या माणसाची गोष्ट कोणाला सांगायची?' ते म्हणाले. 'तू तरी कुठे सांगितलंस?'

औरंगाबादकर बाहेर गेला. आम्हाला वाटलं व्हॅनसाठी निघाला. पंधरा मिनिटांनी तो संत्र्यांची पिशवी घेऊन परत आला आणि खिशातली सगळी नाणी व कार्ड सोलापूरकरच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाला, 'खजिनदार तू.' बाकी काही नाही. मग उरलेल्या तिघांनी आपापल्या घरी फोन लावले. सातारकरच्या आईने रडून घेतलं. सोलापूरकरच्या अम्मीने पहिला प्रश्न विचारला, 'वो महल देखा क्या? कैसा है?' आणि सोलापूरकर तिला पाच मिनिटं अलहम्ब्राच्या पाण्याबद्दल सांगत राहिला. इतके दिवस तिच्यापासून जे लपवलं, नेमकं तेच तिला ऐकायचं होतं.

दुकानदाराने आम्हाला दोन रात्री दुकानामागच्या खोलीत झोपू दिलं, आणि स्पॅनिशमध्ये एक अर्ज लिहून दिला: ज्वालामुखीची राख, विमान रद्द, व्हिसाची मुदत वाढवून मिळावी. त्यात त्याने दोन शब्द अधोरेखित केले, 'फुएर्सा मायोर'. माणसाच्या हाताबाहेरचं कारण, असा त्याचा अर्थ. युरोपच्या व्हिसाचे नवे नियम नेमके त्याच महिन्यात, ५ एप्रिल २०१० पासून लागू झाले होते. हाताबाहेरच्या कारणाने अडकलेल्याला मुदत विनाशुल्क वाढवून द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त ते दोन शब्द पाठ होते.

सोमवारी सकाळी परदेशी नागरिकांच्या पोलीस कार्यालयाबाहेर रांग लावली. आत एक वयस्क अधिकारी होते. अर्ज वाचून त्यांनी खांदे उडवले, हाताने विमानासारखी खूण केली, हसले आणि म्हणाले, 'नो प्रॉब्लेमा.' म्हणजे जा, कोणी काही विचारणार नाही. सभ्य माणूस होता. आम्ही उठलो नाही. खेडकर 'पापेल, पापेल' म्हणत राहिला. पापेल म्हणजे कागद. त्यांना वाटलं आम्हाला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्ही पुन्हा मान हलवली. रांगेतली माणसं कुरकुरू लागली. शेवटी ते आत गेले, आणि तासाभराने आमच्या पासपोर्टचे नंबर, तारीख, कारण लिहिलेला आणि खाली गोल शिक्का मारलेला कागद घेऊन आले. प्रत्येकाला एक. दहा दिवसांची मुदत.

घरांहून पैसे आले. चार घरांनी मिळून पाठवलेले, मनीट्रान्सफरच्या खिडकीवर मोजून घेतलेले. कोणाचे किती, हे सोलापूरकरने वहीत लिहिलं आणि पुढे फेडलेही. रात्रीच्या बसने माद्रिद. मंगळवारी तिथल्या दक्षिण स्थानकावर दिवसभर उभे राहून पॅरिसच्या जादा बसमध्ये चार जागा मिळवल्या. एकत्र नाही, पण एकाच बसमध्ये. सतरा-अठरा तासांचा प्रवास. त्याच रात्री ब्रिटनचं आकाश उघडलं. बुधवारी सकाळी फ्रान्सच्या शेतांवरून वर बघितलं, तर निळ्या आकाशात पांढऱ्या रेघा उमटत होत्या. सातारकर म्हणाला, 'चालली बघा आपली विमानं.' बसमधले सगळेच हसले. पण मागे थांबलेल्यांची गर्दी इतकी होती की कित्येकांना पुढे आठवडाभर जागा मिळाली नाही.

पॅरिसहून लंडनच्या बसने रात्री कॅलेला पोचलो. बोटीवर चढण्याआधी सगळ्यांना खाली उतरवतात. आधी फ्रेंच अधिकारी, मग ब्रिटिश. फ्रेंच खिडकीतल्या तरुणाने खेडकरचा पासपोर्ट उघडला, १८ एप्रिलवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. २१ तारीख होती. त्याने आम्हा चौघांनाही बाजूला काढलं. बस निघायची वेळ होत आली होती, ड्रायव्हर हात हलवत होता. आम्ही चार कागद काढून खिडकीवर ठेवले. तो आत गेला. पासपोर्टही घेऊन गेला. खेडकर दाराशी जाऊन असा उभा राहिला की आतलं टेबल दिसावं. कोणीतरी त्याला मागे व्हायला सांगितलं, तो एक पाऊल मागे झाला आणि तिथेच थांबला. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग चार ठप्पे वाजले. आवाज आम्ही मोजले.

गुरुवारी दुपारी लेस्टरच्या घरात शिरलो. दुधाची बाटली नासली होती. औरंगाबादकरची नोकरी गेली होती, आणि दुसरी मिळायला त्याला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांचं त्याचं भाडं आम्ही तिघांनी भरलं. तो आजही म्हणतो, 'व्हॅनने गेलो असतो तर नोकरी वाचली असती.' आम्ही ते नाकारत नाही. तो थांबला, हे आमच्या पुण्याईने झालं नाही. एका अनोळखी म्हाताऱ्याची वीस वर्षं जुनी टोचणी त्याने ऐकली, म्हणून झालं.

विमान कंपनीने तिकिटाचे पैसे दोन महिन्यांनी परत केले, बाकी काही नाही. ३१ जानेवारी २०१३ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की ज्वालामुखीची राख हे असाधारण कारण असलं तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणा-राहण्याची कंपनीची जबाबदारी संपत नाही. तो निकाल वाचताना आम्हाला त्या आयरिश बाई आठवल्या. त्यांच्या पाकिटातल्या पावत्या कामी आल्या असाव्यात, अशी आशा आहे.

खेडकर त्या वर्षीच्या डिसेंबरात घरी गेला. अब्बांनी लोखंडी पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात दूतावासाचा तो पिवळा पडलेला कागद होता आणि काही जुने दिनार. त्यांनी स्पेनचा कागद मागून घेतला, उलटसुलट करून शिक्का पाहिला आणि त्याच पिशवीत ठेवला. त्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर ते आपल्या मोहल्ल्यातल्या त्या मित्राच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी उशिरा परतले, आणि जेवून आलोय म्हणाले.

२०२० च्या मार्चमध्ये जगभरची विमानं पुन्हा थांबली. या वेळी राख नव्हती, साथ होती. त्यांच्या मोहल्ल्यातली एक मुलगी किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकत होती, ती तिथे अडकली. तिचे आईवडील घाबरून खेडकरच्या घरी आले. ७ मे पासून सरकारने परदेशात अडकलेल्यांना आणायला विमानं सुरू केली, पण तिचा नंबर लागायला वेळ होता. अब्बांनी फोन लावायला सांगितला. पलीकडे मुलगी रडत होती. आम्हाला खेडकरने नंतर सांगितलं, की त्यांनी तिला रडू दिलं. ती थांबल्यावर विचारलं,

'बेटी, पासपोर्ट कुठे आहे? आणि तुझ्याबरोबर कोण कोण आहे?'